दार उघडलं तर: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वयंसेवक नेमकं काय करतात?

२०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे १५ कोटी ८० लाख लोकांनी मतदान केलं. जो बायडन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा ७० लाखांहून जास्त मतं पडली. आकडा मोठा आहे, पण निकाल फिरायला एवढ्या मतांची गरजच नव्हती. अ‍ॅरिझोनात फरक होता १०,४५७ मतांचा, जॉर्जियात ११,७७९ चा आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ चा. तिन्हींची बेरीज ४३ हजारांच्या आत. ही तीन राज्यं ट्रम्प यांच्या पदरात पडली असती, तर अध्यक्ष ठरवणारी राज्यांची 'निर्वाचक मतं' दोघांना २६९-२६९ अशी समसमान पडली असती आणि निवड प्रतिनिधीगृहाच्या हातात गेली असती.

हे गणित मनात ठेवलं की त्या देशात दर चार वर्षांनी लाखो माणसं शनिवार-रविवारी अनोळखी वस्त्यांमध्ये जाऊन दारं का वाजवतात, ते समजू लागतं. त्यांना पगार नसतो. शिक्षक असतात, निवृत्त परिचारिका असतात, कॉलेजातली मुलं असतात. हातात मतदारांची यादी, खांद्याला पाण्याची बाटली, मोबाइलवर पक्षाचं अ‍ॅप. आपल्याकडे टीव्हीवर दिसतात त्या सभा, वादचर्चा आणि निकालाच्या रात्रीचे रंगीत नकाशे. ही दारोदारी चाललेली निवडणूक फारशी दिसत नाही. ती कशी चालते आणि तिच्यामुळे लोकांची मतं खरंच बदलतात का, हे या लेखात पाहू.

आधी थोडं नियमांबद्दल. अमेरिकेत अध्यक्ष थेट देशभरातल्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात. एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी ४८ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ज्याला जास्त मतं, त्याला तिथली सगळी निर्वाचक मतं. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकणार हे आधीच ठाऊक असतं. तिथे तो ५० लाखांनी जिंकला काय आणि १० लाखांनी जिंकला काय, हाती तेवढंच लागतं. म्हणून दोन्ही पक्षांचं सगळं लक्ष काठावरच्या राज्यांवर. २०२४ मध्ये अशी सात राज्यं होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा.

याचा परिणाम असा, की न्यूयॉर्कमधला उत्साही माणूस आपल्या गल्लीत प्रचार करत बसत नाही. तो शनिवारी सकाळी गाडी काढून पेनसिल्व्हेनियात जातो. कॅलिफोर्नियातले लोक नेवाडा किंवा अ‍ॅरिझोनाची वाट धरतात. ज्याला प्रवास जमत नाही तो घरी बसून त्या राज्यांतल्या मतदारांना फोन करतो. ही व्यवस्था मला बोचते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या कोट्यवधी मतदारांचं दार अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी क्वचितच वाजतं. त्यांच्याकडे प्रामुख्याने देणग्या मागितल्या जातात, त्यांचं म्हणणं विचारायला कोणी येत नाही. पण स्वयंसेवक कुठे आणि का जातात, हे या व्यवस्थेशिवाय कळत नाही.

आता यादीकडे वळू, कारण सगळा खेळ तिथून सुरू होतो. भारतात मतदारयादी तयार करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगाची. बीएलओ घरी येतो, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नाव नोंदवण्याची खटपट मतदारालाच करावी लागते. नॉर्थ डकोटा हे एकच राज्य असं, जिथे नोंदणीच लागत नाही. मतदानाचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला, नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तो कामाचा दिवस असतो आणि देशपातळीवर त्याची सुट्टी नसते. घर बदललं की नोंदणी बदलायची. काही राज्यांत महिनाभर आधी मुदत संपते. त्यामुळे एखाद्या माणसाचं मत पक्कं असलं, तरी ते मतपेटीपर्यंत पोहोचायच्या वाटेवर बरेच खड्डे असतात. स्वयंसेवकांची निम्मी मेहनत हे खड्डे पार करून देण्यातच जाते.

ही यादी पक्षांना मिळते, आणि तिच्यात नुसती नावं-पत्ते नसतात. कोणी कोणत्या निवडणुकीत मतदान केलं आणि कधी केलं नाही, हेही त्यात असतं. मत कोणाला दिलं हे अर्थातच गुप्त राहतं, पण मतदानाला आला की नाही ही सरकारी नोंद आहे आणि ती पक्षांना पाहता येते. अनेक राज्यांत नोंदणी करताना मतदार स्वतःचा पक्षही लिहितो. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि जॉर्जियात मात्र तशी सोय नाही. म्हणजे नेमक्या काठावरच्या तीन राज्यांत कोण कोणत्या बाजूचा, हे कागदावर मिळत नाही. कोणीतरी जाऊन विचारायलाच हवं.

विचारलं की उत्तर १ ते ५ या आकड्यांत नोंदवायचं, ही तिथली रुळलेली पद्धत. आपला पक्का पाठीराखा असेल तर १. आपल्याकडे झुकलेला २. कुंपणावरचा ३. समोरच्याकडे झुकलेला ४ आणि समोरच्याचा पक्का ५. पूर्वी हे कागदावर लिहून रात्री ऑफिसात टाइप करत. आता डेमोक्रॅटिक स्वयंसेवक मिनीव्हॅन नावाच्या अ‍ॅपवर दारातच बोट टेकवतात आणि तो आकडा लगेच मोहिमेच्या संगणकात पोहोचतो. चार आणि पाच वाल्यांकडे पुन्हा जायचं नाही, त्यांना आठवण करून देणं म्हणजे समोरच्याचं काम करणं. एक वाल्यांपैकी जे नेमाने मतदान करतात त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही. उरतात दोन गट: आपल्या बाजूचे पण मतदानाला जायचा कंटाळा करणारे, आणि ते ३ आकड्याचे कुंपणावरचे.

दारावर जे घडतं ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं. बऱ्याच दारांमागून कोणी येतच नाही. मग पत्रक दाराच्या मुठीला अडकवून पुढे जायचं. घराच्या टपालपेटीत टाकायचं नाही, कारण तिकीट न लावता टपालपेटीत काही टाकणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगायच्या गोष्टींपैकी ही एक. दार वाजवण्याचा हक्क मात्र भक्कम आहे. ओहायोतल्या स्ट्रॅटन नावाच्या छोट्या गावाने दारोदारी फिरणाऱ्यांना आधी परवाना घ्यायला लावला होता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. खटला यहोवाज विटनेसेस या धर्मपंथाच्या लोकांनी लढवला होता, पण त्या निकालाची सावली राजकीय कार्यकर्त्यांच्या डोक्यावरही आहे.

इथे मुख्य प्रश्न येतो. दारात उभं राहून दोन-तीन मिनिटं बोललं, तर कोणाचं मत बदलतं का?

या प्रश्नावर अमेरिकेत शंभर वर्षं काम झालं आहे. शिकागोत १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी हॅरल्ड गोस्नेल या प्राध्यापकांनी सुमारे ६ हजार नागरिक निवडले. त्यातल्या काहींना नोंदणी आणि मतदानाची आठवण करून देणारी पत्रं पाठवली आणि बाकीच्यांना पाठवली नाहीत. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात सहभाग वाढलेला दिसला. आज औषधांच्या चाचण्यांत दोन गट करून तुलना करतात, तसाच हा प्रकार होता, आणि राजकारणात तो त्या काळी कोणी फारसा केलेला नव्हता.

मग १९४०. रूझवेल्ट विरुद्ध विल्की. कोलंबिया विद्यापीठाचे पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायोच्या ईरी काउंटीत गेले. त्यांनी ६०० मतदारांचा एक गट धरला आणि मे ते नोव्हेंबर त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जाऊन त्यांचा कल विचारला. त्यांना वाटलं होतं, रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांना इकडून तिकडे हलवत असतील. निघालं वेगळंच. प्रचाराच्या काळात एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे गेलेले लोक जेमतेम ८ टक्के. बहुतेकांचं मत प्रचाराने अधिक घट्ट झालं, किंवा आधीपासून आत असलेला कल जागा झाला. आणि जे डळमळीत होते ते रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांचं ऐकत होते: घरातला जाणता, कामावरचा सोबती, राजकारणात रस घेणारा शेजारी. बातम्या आधी या माणसांपर्यंत पोहोचत आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत झिरपत. मतदाराचं मत कसं घडतं याबद्दल त्यानंतर जे काही लिहिलं गेलं, त्याच्या मुळाशी ईरी काउंटीतल्या या ६०० गप्पा आहेत.

पुढे बरीच वर्षं टीव्हीने सगळं झाकून टाकलं. मोहिमांचा पैसा जाहिरातींकडे गेला आणि दारोदारी फिरणं जुनाट वाटू लागलं. १९९८ मध्ये येल विद्यापीठातल्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरातल्या जवळपास ३० हजार मतदारांवर पुन्हा तसा काटेकोर प्रयोग केला. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना पत्र गेलं, काहींना व्यावसायिक कंपनीकडून फोन गेला. संदेश एकच: मतदान करा. कोणाला, ते सांगायचं नाही. ज्यांच्याशी दारात प्रत्यक्ष बोलणं झालं, त्यांच्यात मतदान सुमारे ९ टक्क्यांनी वाढलं. पत्रांनी अगदी किंचित. फोनने काहीच नाही. हे निष्कर्ष २००० साली छापून आले आणि मोहिमा चालवणाऱ्यांनी पुन्हा चपला घालणारी माणसं शोधायला सुरुवात केली.

त्या माणसांनी दारात काय विचारावं, यावरही शोध झाला. २००८ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान होतं. डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी मतदारांना फोन करवले आणि काहींना तीन जादा प्रश्न विचारले: किती वाजता जाणार? तेव्हा कुठून निघणार? कसे जाणार? बस्स, एवढंच. ज्यांना हे विचारलं त्यांच्यात मतदान ४ टक्क्यांनी वाढलं, आणि ज्या घरात एकच मतदार होता तिथे ९ टक्क्यांनी. कारण सरळ आहे. चार मतदारांच्या घरात "चला, संध्याकाळी जाऊन येऊ" असं कोणीतरी म्हणतंच. एकट्या माणसाला ते म्हणणारं कोणी नसतं, त्याच्यासाठी फोनवरचा तो अनोळखी आवाजच घरातला माणूस होतो. तेव्हापासून "मतदानाचं नियोजन" हा प्रश्न स्वयंसेवकांच्या संहितेत कायमचा जाऊन बसला आहे.

याच संशोधनाची एक काळी बाजूही आहे. २००६ मध्ये मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीआधी काही घरांना एक पत्र गेलं. त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मतदान केलं की नाही याचा तक्ताच होता, आणि निवडणुकीनंतर नवा तक्ता पाठवू असंही लिहिलं होतं. ज्यांना काहीच पत्र गेलं नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झालं, तक्ता मिळालेल्यांच्यात ३७.८ टक्के. एका कागदाने ८ टक्के वाढ. परिणामाच्या दृष्टीने विलक्षण, पण माझ्या मते हे चुकीचं आहे. शेजाऱ्यासमोर लाज वाटेल या भीतीने माणसाला रांगेत उभं करणं आणि त्याला मतदानाची वाट सोपी करून देणं, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग मतदान वाढवण्याचे होते. मत बदलण्याचं काय? २०१८ मध्ये जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन अभ्यासकांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले. दारावरची भेट, फोन, पत्र, जाहिरात यांनी मतदाराची पसंती किती बदलते? मुख्य निवडणुकीच्या तोंडावर त्यांचं सरासरी उत्तर आलं शून्य. निवडणूक बरीच लांब असताना थोडा परिणाम दिसतो, पण मतदानाच्या दिवसापर्यंत तो विरून जातो. हे ऐकून कित्येक स्वयंसेवकांचा जीव खट्टू झाला असेल. पण ईरी काउंटीचा अनुभव आठवला तर यात धक्का बसण्यासारखं फार नाही. ऑक्टोबरात रिपब्लिकन असलेला माणूस सहसा नोव्हेंबरातही रिपब्लिकनच असतो. पक्ष ही त्याची ओळख झालेली असते, आणि दोन मिनिटांत परक्या माणसाने ती पुसावी अशी अपेक्षाच अवास्तव आहे.

मग मत कधीच बदलत नाही का? याच दोघांच्या हातून याचंही थोडं उत्तर मिळालं, आणि त्याआधीची हकिकत ऐकण्यासारखी आहे. २०१४ च्या डिसेंबरात 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. लॉस एंजलिसमध्ये समलिंगी विवाहाबद्दल दारात एकदा मनमोकळं बोलल्यावर लोकांची मतं बदलली आणि ती टिकली, असा त्याचा दावा. काला आणि ब्रूकमन तसाच अभ्यास स्वतः करायला निघाले आणि त्यांना मूळ आकडे पटेनात. खोलात गेल्यावर ती आकडेवारी विश्वास ठेवण्याजोगी नाही हे उघड झालं. मे २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. ते तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी मायामीत खरा प्रयोग केला. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह, संभाषण साधारण दहा मिनिटांचं. पूर्वग्रह खरोखर कमी झाला आणि निदान तीन महिने टिकला. २०१६ मध्ये हा निकाल त्याच नियतकालिकात छापून आला.

त्या दहा मिनिटांत कार्यकर्ते वाद घालत नव्हते, आकडे फेकत नव्हते. ते विचारत होते: तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून बाजूला काढलंय का? मग ऐकत होते, आणि स्वतःचाही एखादा अनुभव सांगत होते. समोरचा काहीही बोलला तरी त्याला दोष द्यायचा नाही, हा मुख्य नियम. पद्धत संथ आणि महागडी आहे. एका संध्याकाळी मोजक्याच घरांत हे जमतं. निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही मोहिमेला एवढी सवड नसते. शिवाय एखाद्या विषयाबद्दलचा पूर्वग्रह कमी होणं आणि अध्यक्षपदासाठी पक्ष बदलणं यांत बरंच अंतर आहे. पण मतं बदलायचीच असतील तर ऐकून बदलतात, हे यातून नक्की कळलं, आणि मला हा सगळ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

स्वयंसेवकांच्या बळावर लढलेल्या निवडणुकीचं नाव घ्यायचं तर २००८ ची बराक ओबामांची मोहीम. तिचा पाया आयोवा राज्यात घातला गेला. तिथे तेव्हा उमेदवार निवडण्याची 'कॉकस' नावाची पद्धत होती आणि १९७२ पासून देशातला पहिला कौल तिथूनच येई. जानेवारीतल्या थंडीत, संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये वस्तीतले लोक जमायचे. डेमोक्रॅट्सच्या कॉकसमध्ये गुप्त मतदान नाही. ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी एखाद्याच्या कोपऱ्यात १५ टक्केही लोक जमले नाहीत, तर त्यांनी दुसरा कोपरा निवडायचा किंवा घरी जायचं. मग "या ना आमच्याकडे" अशी शेजाऱ्याशेजाऱ्यांत मनधरणी सुरू. राज्यभर अशा सतराशेहून जास्त सभा एकाच वेळी. टीव्हीवरची जाहिरात त्या हॉलमध्ये येऊन कोणाचा हात धरू शकत नाही. तिथे वस्तीतलाच माणूस लागतो.

ओबामांच्या लोकांनी आयोवात महिनोन्‌महिने तळ ठोकला. पगारी संघटक विशी-पंचविशीतले, आणि त्यांचं काम स्वतः दारं वाजवण्यापेक्षा दारं वाजवणारी माणसं तयार करण्याचं. ३ जानेवारी २००८ ला डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये सुमारे २ लाख ४० हजार लोक आले, २००४ च्या जवळपास दुप्पट. त्यातले निम्म्याहून अधिक आयुष्यात पहिल्यांदाच कॉकसला आले होते. ओबामांना साधारण ३८ टक्के, जॉन एडवर्ड्सना ३० आणि हिलरी क्लिंटन यांना २९. जे दरवेळी येतात त्यांचं मन वळवण्याइतकंच, किंबहुना जास्त, जे कधीच येत नाहीत त्यांना आणणं महत्त्वाचं ठरलं.

या रचनेमागे मार्शल गँझ नावाचा एक माणूस होता. १९६४ मध्ये हार्वर्डचं शिक्षण अर्धवट टाकून ते मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीसाठी गेले. पुढे सोळा वर्षं कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संघटनेत सीझर चावेझ यांच्यासोबत काढली, आणि मग पुन्हा हार्वर्डला येऊन शिकवू लागले. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी ओबामांच्या स्वयंसेवकांच्या शिबिरांत शिकवलं. शिकवण अशी: उमेदवाराचे मुद्दे पाठ करून म्हणू नका. तुम्ही इथे का आलात ते सांगा. तुमच्या आईच्या आजारपणात विमा नव्हता, तुमचा भाऊ इराकमध्ये लढतोय, जे खरं असेल ते. मग आपल्या सगळ्यांत समान काय ते, आणि मग आत्ता काय करायला हवं ते.

एकेका वस्तीसाठी एक चमू. त्याचा प्रमुखही स्वयंसेवकच, त्याच्या हाताखाली फोनचं, याद्यांचं, दारोदारी फेरीचं काम वाटून घेतलेले इतर. मोहिमेच्या कार्यालयांत तीन शब्द लावलेले असत: मान द्या, अधिकार द्या, सामावून घ्या. नोव्हेंबरात ओबामांनी इंडियाना आणि व्हर्जिनिया जिंकली, जी १९६४ नंतर डेमोक्रॅट्सकडे आलीच नव्हती. नॉर्थ कॅरोलायना सुमारे १४ हजार मतांनी आली. अर्थात २००८ मध्ये आर्थिक पडझड होती, बुश यांच्यावर लोक नाराज होते, उमेदवार असामान्य होता. हवा अनुकूल होतीच. पण १४ हजारांचा फरक असलेल्या राज्यात वस्तीवस्तीतले चमू नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न रास्त आहे.

त्या यशानंतर 'जमिनीवरची ताकद' हा मंत्रच झाला, आणि इथे सावध राहायला हवं. २०१६ मध्ये क्लिंटन यांची कार्यालयं ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. तरी मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे बायडन यांच्या मोहिमेने ऑक्टोबरपर्यंत दारोदारी जाणं जवळपास बंद ठेवलं, तर ट्रम्प यांची माणसं फिरत होती. जिंकले बायडन. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्याकडे स्वयंसेवकांची मोठी फौज होती आणि सातही काठावरची राज्यं ट्रम्प यांनी घेतली. महागाई आणि स्थलांतर या प्रश्नांवर देशाचा कलच जेव्हा एका बाजूला वळतो, तेव्हा दोन-चार हजारांनी फरक पाडणारं काम लाखाची दरी बुजवू शकत नाही. पेनसिल्व्हेनियात त्या वर्षीचा फरक सुमारे १ लाख २० हजारांचा होता.

२०२४ मध्ये आणखी एक बदल झाला. निवडणूक निधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने मार्चमध्ये असं मत दिलं, की बाहेरचे गट दारोदारी प्रचाराबाबत उमेदवाराच्या मोहिमेशी संगनमताने काम करू शकतात. ट्रम्प यांच्या मोहिमेने याचा फायदा घेतला आणि बरीचशी दारं इलॉन मस्क यांच्या पैशावर चालणाऱ्या गटाच्या पगारी माणसांकडे सोपवली. पगारी माणूस वाईट काम करतो असं नाही. पण दिवसाला इतकी दारं या हिशोबाने फिरणारा आणि स्वतःच्या मनाने आलेला, यांच्या बोलण्यातला फरक दार उघडणाऱ्याला जाणवतो, असं मला वाटतं.

स्वयंसेवकांबाबतही एक अडचण आहे, ती मोहिमा उघडपणे बोलत नाहीत. स्वखुशीने दर शनिवारी येणारा माणूस हा राजकारणाने झपाटलेला असतो आणि ज्याच्या दारात तो उभा असतो तो बहुधा नसतो. रायन एनोस आणि ईटन हर्श यांनी २०१२ च्या ओबामा मोहिमेतल्या कार्यकर्त्यांची पाहणी केली, तेव्हा हे कार्यकर्ते विचारांनी कुंपणावरच्या मतदारांपेक्षा बरेच डावीकडे निघाले. त्यांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न जुळत नव्हते. ज्याला पेट्रोलचे भाव सलत असतात त्याला हवामानबदलावर ऐकावं लागतं. म्हणून अलीकडे मोहिमा स्वयंसेवकाला सांगतात, अनोळखी यादी राहू दे, तुझ्या फोनमधल्या ओळखीच्या माणसांपासून सुरुवात कर. मेहुणा, जुनी रूममेट, जिममधला मित्र. लाझर्सफेल्ड यांनी १९४० मध्ये जे पाहिलं तेच आता अ‍ॅपमध्ये आलं आहे.

दारावर गोळा झालेल्या उत्तरांकडे पाहतानाही काळजी घ्यावी लागते. स्वयंसेवकांना वाटतं, आमच्या यादीत तर १ आणि २ भरपूर आहेत, आपण जिंकतोय. पण दार उघडून बोलणारे लोक आणि दार न उघडणारे लोक एकसारखे नसतात. व्यावसायिक पोलवाल्यांनाही हेच दुखणं आहे. २०२० मधल्या जनमत चाचण्यांत बायडन यांची आघाडी प्रत्यक्षाहून जास्त दिसली. अमेरिकेतल्या जनमत अभ्यासकांच्या संघटनेने नंतर पाहणी केली, तेव्हा ही चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी निघाली. जे फोन उचलत नाहीत, ते मतदान मात्र करतात.

म्हणून शेवटच्या चार दिवसांत जाणत्या मोहिमा कोणाला पटवत बसत नाहीत. आपल्याकडे बूथवरचे कार्यकर्ते ज्याला 'मतदान बाहेर काढणं' म्हणतात, नेमकं तेच तिथे चालतं. टपालाने किंवा आधीच मतदान केलेल्यांची नावं निवडणूक कार्यालयांकडून येत राहतात, ती यादीतून गळतात. उरलेल्यांच्या दारावर पुन्हा एकदा, कधी दोनदा जायचं. केंद्र कुठे आहे, ओळखपत्र कोणतं लागेल, गाडी हवी का, लहान मुलांना सांभाळायला कोणी आहे का. भारतासारखी प्रचारबंदी तिथे नसते. केंद्रापासून राज्याने ठरवलेलं अंतर राखून, मतदान संपेपर्यंत हे चालू राहतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना यात भाग घ्यायचा तर कायदा नीट माहीत हवा. ग्रीन कार्ड असलेला देणगीही देऊ शकतो आणि कामही करू शकतो. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्याला देणगी देता येत नाही, अगदी पाच डॉलरचीही नाही. मात्र कोणाकडूनही मोबदला न घेता तो फोन करू शकतो, दारोदारी जाऊ शकतो. अट अशी, की मोहिमेचे पैसे कुठे खर्चायचे वगैरे निर्णयांत त्याने भाग घेऊ नये. मतदान या दोघांनाही करता येत नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयात अर्ज भरताना मतदार नोंदणीच्या चौकोनात चुकून खूण केली, तरी पुढे नागरिकत्व अडू शकतं, देश सोडायची वेळही येऊ शकते. तेव्हा तो चौकोन नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत कोराच ठेवायचा.